मॅच ईक्यू आणि आयआर लावूनही गिटारचा टोन जुळत नाही: कर्व्ह वाचून दोष कसा शोधायचा

ही तक्रार बहुतेक वेळा एकाच वळणाने येते. एखाद्या रेकॉर्डिंगमधला गिटारचा टोन हवा असतो. त्यातला गिटार मोकळी ऐकू येणारा तुकडा रेफरन्स म्हणून घेतला जातो, शेजारी आपला टेक (आपण वाजवून केलेलं रेकॉर्डिंग) ठेवला जातो, मॅच ईक्यू (दोन आवाजांचा फ्रीक्वेन्सीचा समतोल मोजून जुळवणारं सॉफ्टवेअर) दोघांमधला फरक काढतो आणि तो फरक इम्पल्स रिस्पॉन्स म्हणून, म्हणजे आयआर म्हणून (एका टिचकीला मिळालेला प्रतिसाद धरणारी छोटी ध्वनिफाइल), साठवला जातो. ज्या रिफवर (गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यावर) जुळवलं तो रिफ वाजवला की जमल्यासारखं वाटतं. दुसरा रिफ घेतला की आवाज नाकात जातो, पाम म्यूट (तळहाताची कड तारांवर ठेवून दाबलेला स्वर) घट्ट बसायच्या ऐवजी पसरतो आणि पूर्ण मिक्समध्ये गिटार मागे पडते. मग पुन्हा मॅच, पुन्हा नवा आयआर, आणि चार दिवसांनी तीच तक्रार परत.

माझं ठाम मत असं आहे की मॅच ईक्यूने काढलेला पहिला कर्व्ह, म्हणजे कुठली फ्रीक्वेन्सी किती वाढवायची-कमी करायची ते दाखवणारी रेषा, लगेच लावूच नये. रक्ततपासणीचा रिपोर्ट वाचतात तसा तो आधी वाचावा. कुठे किती उंच, कुठे किती खोल, फुगवटा रुंद आहे की टोकदार, यावरून साखळीत (गिटार, अ‍ॅम्प, स्पीकर, माइक या क्रमात) नेमकं काय बिघडलंय ते बऱ्यापैकी कळतं. मूळ दोष त्याच्या जागी दुरुस्त केला की दुसऱ्यांदा काढलेला कर्व्ह बराच सपाट येतो, आणि लावायचा तो हा दुसरा. माझ्या हिशेबाने १०० हर्ट्झ ते ६ किलोहर्ट्झ या पट्ट्यात मॅच ईक्यू ३-४ डेसिबलपेक्षा जास्त चढ-उतार मागत असेल, तर काम अजून मागच्या टप्प्यावर बाकी आहे.

आयआरमध्ये काय मावतं आणि काय मावत नाही

स्पीकर, कॅबिनेट (स्पीकरची पेटी, थोडक्यात कॅब), माइक, माइकची जागा, मिक्सिंगमधला ईक्यू हे सगळं आयआरमध्ये छान मावतं, कारण या गोष्टी आत आलेल्या फ्रीक्वेन्सी फक्त कमी-जास्त करतात आणि वेळेत थोड्या पुढे-मागे सरकवतात. डिस्टॉर्शन आणि कॉम्प्रेशन आयआरमध्ये मावत नाहीत. डिस्टॉर्शन नव्या फ्रीक्वेन्सी तयार करतं, आणि त्या कोणत्या असतील हे आत काय आणि किती जोरात आलं यावर ठरतं.

हे आकड्यांत पाहिलं की लगेच पटतं. स्टँडर्ड ट्यूनिंगमध्ये खालची ई तार ८२.४ हर्ट्झला वाजते आणि तिच्यावरचा पाचवा स्वर, म्हणजे बी, १२३.५ हर्ट्झला. पॉवर कॉर्ड डिस्टॉर्शनमधून गेली की या दोघांची वजाबाकी ४१ आणि बेरीज २०६ हर्ट्झ अशा फ्रीक्वेन्सी तयार होतात. ४१ म्हणजे ई स्वराचंच खालचं सप्तक आणि २०६ त्याच मालिकेतला पुढचा हार्मोनिक, त्यामुळे कॉर्ड जड आणि एकसंध लागते. आता पाचव्याऐवजी मेजर थर्ड घ्या, जी शार्प, १०३.८ हर्ट्झ. वजाबाकी २१ आणि बेरीज १८६. हे आकडे कॉर्डमधल्या कुठल्याच स्वराशी नीट बसत नाहीत, म्हणून जास्त गेनवर (अ‍ॅम्पमध्ये सिग्नल जोरात ढकलला की) ती कॉर्ड गढूळ लागते. ही सगळी भेसळ स्पीकरपर्यंत पोचायच्या आधीच तयार झालेली असते आणि पूर्ण मिडरेंजभर पसरलेली असते. नंतर लावलेला ईक्यू ती गाळून काढू शकत नाही. रेफरन्समध्ये असलेली आणि आपल्याकडे नसलेली भेसळ तो निर्माणही करू शकत नाही.

म्हणून डिस्टॉर्शनच्या आधीचा ईक्यू आणि नंतरचा ईक्यू ही दोन वेगळी कामं आहेत. आधी बास कापला तर डिस्टॉर्शनचा पोतच बदलतो. नंतर कापला तर फक्त दणका कमी होतो, गढूळपणा तसाच राहतो. आयबानेझ ट्यूब स्क्रीमर हा पेडल जास्त गेनच्या अ‍ॅम्पपुढे ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल चढवून ठेवण्याची पद्धत यातूनच आली. तो पेडल क्लिपिंगच्या (लाटेची टोकं कापली जाऊन डिस्टॉर्शन होण्याच्या) आधीच खर्ज कमी करतो आणि ७२० हर्ट्झच्या आसपासचा मिड पुढे आणतो. घट्ट पाम म्यूट असलेल्या रेकॉर्डिंगशी जुळवताना हाच टप्पा सर्रास राहून जातो.

आधी रेफरन्स तपासा

रेफरन्स चुकीचा असेल तर पुढचं सगळं चुकतं. एकट्या गिटारची सुरुवात किंवा मधला ब्रेक मिळाला तर उत्तम. तो नसेल आणि गाण्यात ऱ्हिदम गिटार डाव्या-उजव्या टोकांना पॅन केलेल्या असतील, तर साइड सिग्नल काढा: डाव्या चॅनेलमधून उजवा वजा. बेस गिटार, किक, स्नेअर, गायकाचा आवाज यांतलं जे अगदी मध्यभागी आहे ते बहुतांशी निघून जातं आणि गिटार उरतात. झांजा आणि स्टिरिओ रिव्हर्ब मात्र राहतात, त्यामुळे ६-७ किलोहर्ट्झच्या वर काय दिसतंय त्यावर विश्वास ठेवू नका. दोन्ही बाजूंना एकच टेक कॉपी केलेला असेल तर साइडमध्ये गिटारच उरणार नाही, हेही लक्षात असू द्या.

साइड सिग्नल काढायचा असेल तर एमपी३ नको. कमी बिटरेटच्या फाइलमध्ये दोन चॅनेलमधल्या फरकावर सगळ्यात आधी काटकसर केली जाते, आणि आपण नेमका तोच फरक मागतोय. गाण्यातून वाद्यं वेगळी करणारं सॉफ्टवेअर वापरलं असेल तर १५० हर्ट्झ ते ५ किलोहर्ट्झ एवढाच भाग धरा. त्याखाली बेस गिटारचा अंश मिसळलेला असतो आणि वर पाण्यातून आल्यासारखी थरथर असते.

आपला टेक रेफरन्समधलाच रिफ, त्याच ट्यूनिंगमध्ये, त्याच फ्रेटवर आणि शक्यतो त्याच पिकिंगने वाजवलेला हवा. ही अट लोक सर्रास सोडून देतात. रेफरन्स ड्रॉप सी मध्ये, खालची तार ६५.४ हर्ट्झवर, आणि आपण ई मध्ये काहीतरी वाजवून मॅच केलं तर मॅच ईक्यू टोनमधला फरक सोडून स्वरांमधला फरक मोजत बसतो. तो कर्व्ह दुसऱ्या रिफवर चालणं शक्यच नाही. निदान दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा घ्या, म्हणजे सरासरी स्थिरावते.

आणखी एक. रेफरन्समध्ये दोन किंवा चार गिटार एकावर एक असतात आणि आपण एकच टेक घेऊन तेवढा भरणा शोधत राहतो. तो एका टेकमध्ये सापडत नाही म्हणून गेन वाढवला जातो, आणि तिथून सगळं बिघडत जातं. आधी दोन वेगळे टेक वाजवून दोन बाजूंना ठेवा. बहुतेक वेळा गेन वाटला होता त्यापेक्षा बराच कमी लागतो.

कर्व्हचा आकार काय सांगतो

स्मूदिंग (कर्व्हची बारीक टोकं सरासरीने गुळगुळीत करणं) आधी एक तृतीयांश ऑक्टेव्हवर ठेवून कर्व्ह पाहा, मग स्मूदिंग जवळजवळ काढून टाकून पुन्हा पाहा. दोन्ही चित्रं लागतात.

स्मूदिंग काढल्यावर ठरावीक अंतरावर टोकदार दात दिसले, तर आधी ते दात कुठे आहेत ते बघा. ८२, १६५, २४७ अशा कुठल्यातरी स्वराच्या पटीत असतील तर रिफ किंवा ट्यूनिंग वेगळं आहे. इथे स्मूदिंग वाढवून दात झाकण्यात अर्थ नाही, टेक पुन्हा घ्या.

खड्डे १, ३, ५ किलोहर्ट्झ अशा समान अंतरावर असतील तर ते कॉम्ब फिल्टरिंग (कंगव्याच्या दातांसारखे खड्डे) आहे. एकच आवाज दोन वाटांनी, थोड्या वेळेच्या फरकाने येऊन मिसळला की असं होतं. फरक अर्ध्या मिलिसेकंदाचा असेल तर पहिला खड्डा १ किलोहर्ट्झला पडतो. हवेत हे अंतर सुमारे १७ सेंटिमीटर. ४८ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये हेच फक्त २४ सॅम्पल! दोन आयआर मिसळताना एकाच्या सुरुवातीला तेवढी रिकामी जागा जास्त राहिली असली तरी पुरे. दोन्ही फाइल झूम करून पहिलं शिखर एकाच रेषेत आणा, पोलॅरिटी तपासा (एकाची लाट उलटी तर नाही ना), खड्डे जातात. ईक्यूने ते भरायला जाऊ नका. जी फ्रीक्वेन्सी पूर्ण रद्द झाली आहे ती कितीही डेसिबलने वाढवली तरी शून्याचं शून्यच राहते.

याची उलट बाजूही आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. कधी कधी खड्डे रेफरन्समध्येच असतात, कारण तिथे कॅबपुढे दोन माइक होते, आणि त्या टोनची ओळखच त्या खड्ड्यांमुळे असते. अशा वेळी एक तृतीयांश ऑक्टेव्हचं स्मूदिंग ती ओळख पुसून टाकतं. आकडे जुळतात, कान मात्र नाही म्हणतो. इथे ईक्यू बाजूला ठेवून दोन आयआर घ्यावेत, उदाहरणार्थ एक शुअर एसएम५७ चा आणि एक रिबन माइकचा, आणि एकाला सॅम्पल-सॅम्पलने मागे सरकवत खड्डा रेफरन्सच्या जागी येईपर्यंत जुळवावं. वेळ लागतो, पण कुठल्याही मॅच ईक्यूने न मिळणारी गोष्ट यातून मिळते.

३०० ते १२०० हर्ट्झमध्ये ५-७ डेसिबलचा रुंद फुगवटा आणि १०० च्या आसपास तेवढाच खड्डा, ही जोडी दिसली की दोष डिस्टॉर्शनच्या आधी आहे. ट्यूब स्क्रीमरसारखा बूस्टर लावा, आधीचा बास कापा, गेन उतरवा.

२ ते ५ किलोहर्ट्झमध्ये तिरका चढ किंवा उतार असेल तर माइकची जागा वेगळी आहे. स्पीकरच्या मधल्या टोपीवर रोखलेला माइक आणि टोपीच्या कडेवर रोखलेला माइक यांत दोन-तीन सेंटिमीटरचाच फरक असतो, पण टोनमध्ये तो अ‍ॅम्पच्या ट्रेबल नॉबपेक्षा मोठा निघतो. त्याच कॅबच्या त्याच माइकचा शेजारच्या जागेवरचा आयआर घ्या. संचात जागा सांगणारी नावं नसतील तर तीन-चार आयआर आळीपाळीने लावून दर वेळी कर्व्ह काढा. ज्याचा कर्व्ह सगळ्यात सपाट तो आपला.

१०० हर्ट्झच्या आसपास रुंद उंचवटा, मध्ये सपाट आणि ३ किलोहर्ट्झच्या पुढे हळूहळू चढ, असं हसरं तोंड दिसलं तर साखळीत पॉवर अ‍ॅम्प (स्पीकरला ताकद देणारा अ‍ॅम्पचा शेवटचा टप्पा) नाही असं समजा. स्पीकरचा इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) सगळ्या फ्रीक्वेन्सींना सारखा नसतो. तो रेझोनन्सपाशी आणि वरच्या टोकाला वाढतो, आणि व्हॉल्व्हचा पॉवर अ‍ॅम्प तिथे जास्त व्होल्टेज देतो. सॉलिड स्टेट अ‍ॅम्पने टिपलेल्या आयआरमध्ये हे उतरत नाही. प्रीअ‍ॅम्प थेट आयआरमध्ये घातला असेल तर मध्ये पॉवर अ‍ॅम्पचं मॉडेल ठेवा आणि त्याच्या प्रेझेन्स (वरचा भाग) आणि डेप्थ (खर्ज) या नॉबनी जुळवा.

५ किलोहर्ट्झच्या वर १५-२० डेसिबलची मागणी? कॅब दोनदा लागला आहे. गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झनंतर झपाट्याने उतरतो. अ‍ॅम्पच्या प्रीसेटमधला कॅब चालू आणि वरून आयआर, म्हणजे दोन उतार एकावर एक. एक बंद करा.

सगळे उंचवटे आकाराने जुळतात पण थोडे सरकलेले दिसतात, हा सॅम्पल रेटचा दोष. ४४.१ किलोहर्ट्झचा आयआर रूपांतर न करता ४८ च्या प्रोजेक्टमध्ये वाजला की सगळं ८.८ टक्के वर सरकतं. ४ किलोहर्ट्झचं शिखर ४.३५ ला जातं, म्हणजे जवळपास दीड सेमीटोन. बहुतेक लोडर स्वतः रूपांतर करतात, काही करत नाहीत. आवाज कारण नसताना पातळ आणि चिरका झाला तर पहिली शंका हीच घ्या.

१६ किलोहर्ट्झला उभी भिंत म्हणजे रेफरन्स कमी बिटरेटचा आहे, तिकडे दुर्लक्ष करा. ८० हर्ट्झच्या खालचा डोंगर म्हणजे बेस गिटार आणि किक, तिकडेही दुर्लक्ष करा. मॅच ईक्यूला या दोन्ही टोकांना हात लावू देऊ नका, मर्यादा घालून द्या.

एक दोष मात्र कर्व्हमध्ये नीट दिसत नाही. पॅसिव्ह पिकअपची गिटार इंटरफेसच्या लाइन इनपुटला जोडली असेल तर सगळा टोन मंद होतो. अशा पिकअपला साधारण १ मेगाओहम इम्पीडन्सचा इन्स्ट्रुमेंट इनपुट लागतो. लाइन इनपुटचा इम्पीडन्स त्यापेक्षा कितीतरी पट कमी असतो आणि पिकअपचं वरचं शिखर दाबून टाकतो. हे डिस्टॉर्शनच्या आधी घडतं, म्हणून नंतर ट्रेबल वाढवला की स्पष्टता न वाढता फक्त खरखर वाढते. नवा टेक घेण्याला पर्याय नाही.

एक नमुना

समजा, रेफरन्स ड्रॉप डी मधला ऱ्हिदम आहे, साइड सिग्नल काढलेला. आपल्याकडे हंबकर पिकअप, जास्त गेनचं अ‍ॅम्प मॉडेल, व्हिंटेज ३० स्पीकरच्या कॅबचा एसएम५७ ने घेतलेला आयआर. पहिला कर्व्ह असा येतो: १२० हर्ट्झला उणे ६, ८०० ला अधिक ७, साडेतीन किलोहर्ट्झला अधिक ५.

पहिल्या दोन आकड्यांकडे आधी बघायचं. अ‍ॅम्पपुढे ट्यूब स्क्रीमर, ड्राइव्ह शून्य, लेव्हल वर, अ‍ॅम्पचा गेन दोन अंक खाली. पुन्हा टेक, पुन्हा कर्व्ह. १२० ला उणे २ आणि ८०० ला अधिक २ उरतात. साडेतीन किलोहर्ट्झचे ५ जवळपास तसेच राहतात, म्हणजे हा फरक कॅबच्या बाजूचा. टोपीच्या जास्त जवळचा आयआर लावला की तो दीडवर येतो. आता जे उरलं ते मॅच ईक्यूचं खरं काम, आणि ते दुसऱ्या-तिसऱ्या रिफवरही टिकतं. पहिलाच कर्व्ह लावला असता तर ८०० चे ७ डेसिबल डिस्टॉर्शननंतर चढले असते, आणि नाकातला आवाज म्हणतात तो हाच.

जुळलं की नाही हे ऐकताना

दोन्हींची पातळी समान करा, मीटर बघून आणि मग कानाने. एखाद्या डेसिबलने मोठा असलेला आवाज सरस वाटतो. शिवाय पातळी बदलली की कानाला बास आणि ट्रेबल वेगळ्या प्रमाणात ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. तुकडे दोन-दोन सेकंदांचे ठेवून आलटून-पालटून ऐका. एकच टोन सलग ऐकत राहिलं की कानाला तोच बरोबर वाटू लागतो.

मग तीन गोष्टी वाजवा: खालच्या तारेवर पाम म्यूट, पूर्ण उघडी कॉर्ड आणि बाराव्या फ्रेटच्या वर एकेरी स्वरांची ओळ. तिन्ही टिकल्या तर जुळलं. पाम म्यूट बिघडत असेल तर गेन आणि आधीचा बास पाहा. उघडी कॉर्ड बिघडत असेल तर गेनच. वरची ओळ टोचत असेल तर २ ते ५ किलोहर्ट्झचा भाग, म्हणजे माइक.

स्पेक्ट्रम जुळतो पण पिकचा घाव बोथट लागतो, अशी वेगळी तक्रार असेल तर मॅच ईक्यू लिनियर फेजवर आहे का ते बघा. त्या पद्धतीत घावाच्या आधीच थोडी घरघर उमटते आणि उशीरही वाढतो. मिनिमम फेज निवडा.

आयआर काढताना

एका सॅम्पलची टिचकी असलेली फाइल तयार करा, ती मॅच ईक्यूमधून रेंडर करा, २४ बिट मोनो वेव्ह. वाटेत अ‍ॅम्प, कॉम्प्रेसर, लिमिटर काहीही चालू नको. मॉड्युलेशन, रिव्हर्ब, डिलेही बंद. आउटपुटवर थोडी मोकळीक ठेवा, क्लिप झालेला आयआर कायमचा बिघडलेला असतो. सुरुवातीची रिकामी जागा कापा, शेवट हळूच फेड करा.

लांबी फार छाटू नका. २० मिलिसेकंदांच्या आयआरला खालच्या भागात साधारण ५० हर्ट्झपेक्षा बारीक तपशील धरता येत नाही, त्यामुळे खर्ज ढोबळ होतो. ४८ किलोहर्ट्झला २०४८ सॅम्पल म्हणजे सुमारे ४३ मिलिसेकंद, तेवढे ठेवावेत. तुमचं उपकरण १०२४ वरच थांबत असेल तर छाटणी त्याच्यावर न सोडता स्वतः फेड लावून करा.

मग पडताळणी. तोच टेक एकदा मॅच ईक्यूमधून आणि एकदा नव्या आयआरमधून वाजवा, एकाची पोलॅरिटी उलटी करा. पातळी आणि वेळ बरोबर असेल तर जवळजवळ शांतता मिळायला हवी. गिटार ओळखू येण्याइतकी ऐकू येत असेल तर रेंडरमध्ये काहीतरी चालू राहिलंय.

फाइल दोन साठवा: एक फक्त फरकाची आणि एक कॅबसकट. कॅबसकटची फाइल हेडफोन, मॉनिटर आणि पीएसाठी (कार्यक्रमातल्या ध्वनियंत्रणेसाठी). खऱ्या गिटार कॅबमधून वाजवताना ती लावली तर वर सांगितलेला दोन कॅबचा दोष परत येतो. तिथे फरकाची फाइल घ्या, आणि तीही त्या कॅबपुढे माइक ठेवून नव्याने काढलेली, कारण जुना फरक ज्या कॅबच्या आयआरवर मोजला होता तो कॅब आता साखळीत नाही.